डिझेलच्या टाकीला गेलेली चीर

आमच्या ओट्यावर शेगडीच्या उजव्या हाताला पाण्याने भरलेली एक पितळी वाटी कायम असायची. शेगडी पेटवून झाली की काडी फुंकून टाकायची नाही, वाटीत बुडवायची. चर्र असा आवाज आला की मग पुढचं काम. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडेच अशी वाटी असते. शाळेतल्या एका मैत्रिणीकडे पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा तिच्या आईने जळती काडी हलवून विझवली आणि सरळ खिडकीबाहेर टाकली. माझा घास हातातच राहिला. आता बाहेर काहीतरी होणार म्हणून मी कान देऊन बसले. काहीच झालं नाही, पण त्या घरी मी पुन्हा जेवायला गेले नाही.

हे सगळं बाबांकडून आलेलं. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. फाटकावर रोज झडती व्हायची. खिशात काडेपेटी नको, विडी नको, बुटाला खिळा नको. आत पळायचं नाही, काही आपटायचं नाही, मोठ्याने हाक मारायची नाही. हीच शिस्त ते घरी घेऊन आले. आईला नायलॉनची साडी नेसून शेगडीशी जायची बंदी होती. आभाळ गडगडलं की रेडिओची पिन काढायची. आम्ही भावंडं जिन्यावरून धावत उतरलो तर ते रागवत नसत, फक्त डोळे मिटून उभे राहत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट वाटे. "इतक्या वर्षांत कारखान्यात तुमच्या हातून काही झालं नाही?" असं कोणी विचारलं की ते अभिमानाने सांगत, "नाही. मी घाबरट होतो ना."

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही स्टेशनच्या पलीकडे एका अरुंद गल्लीत छोटं घर बांधलं. पुढे एक खोली, मध्ये एक, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत बोळासारखी जागा. पुढच्या खोलीत मिलिंददादाने कॉम्प्युटर आणून ठेवले. पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. दादा डिप्लोमा करून पिंपरीला एका कंपनीत लागला होता. ती चांगली नोकरी सोडून त्याने अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ध्वनिफिती ऐकून टाइप करून देण्याचं काम घेतलं. तिकडे डॉक्टर पेशंटला तपासून यंत्रात बोलणार, ते बोलणं इंटरनेटवरून खडकीच्या आमच्या गल्लीत येणार, आणि त्यांची सकाळ होण्याच्या आत आम्ही ते टाइप करून परत पाठवणार. बाबांना यातलं काहीच पटलं नव्हतं. "नोकरी काय सोडायची वस्तू आहे?" एवढंच ते म्हणाले आणि नंतर महिनोन् महिने दादाशी जेवणाखाणापलीकडे बोलले नाहीत.

टाइप करायला मी होते आणि अनघा होती. मी कॉलेज संपवून घरीच होते. अनघा सदाशिव पेठेतून बस बदलत यायची, वेण्या घट्ट, जीभ तिखट. कानात हेडफोन अडकवून ती एखाद्या डॉक्टरचं बोलणं ऐकता ऐकता म्हणायची, "हे गृहस्थ पेशंटपेक्षा सँडविचकडे जास्त लक्ष देतायत." दुपारी आई आम्हाला वाढायची. आईची बोली आणि हात दोन्ही नागपूरकडचे. ती कोथिंबिरीला सांबार म्हणायची. पहिल्या दिवशी "रश्श्यावर सांबार टाकू का?" असं तिने विचारलं तेव्हा अनघा बिचारी इडलीची वाट बघत बसली होती. नंतर मात्र आईच्या पाटोडीच्या रश्श्यासाठी ती डबा आणायचीच बंद झाली.

या सगळ्या उद्योगाचा जीव विजेत होता, आणि वीज जायची. गुरुवारी तर हमखास, दुपारी जी जायची ती संध्याकाळीच यायची. "आपल्याकडे दोनच ऋतू," अनघा म्हणायची, "लाईट असण्याचा आणि लाईट नसण्याचा." म्हणून दादाने कुठून तरी जुना जनरेटर आणला आणि मागच्या बोळात बसवला. त्याची मूळची टाकी नव्हती. दादाने भिंतीवर लोखंडी फळी ठोकून त्यावर दुधी रंगाची प्लास्टिकची टाकी ठेवली आणि तिच्या तळातून इंजिनापर्यंत नळी सोडली. जनरेटर सुरू झाला की ओट्यावरची भांडी थरथरायची आणि वाटीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे डिझेल! बाबांनी आपली खाट मधल्या खोलीतून उचलून बरोबर त्या भिंतीशी आणली. आई म्हणाली, "तुम्ही तर लांब जायाले पाहिजे." बाबा म्हणाले, "इथून आवाज नीट ऐकू येतो." ते खरंच झोपेतही ऐकत असावेत. इंजिनाचा सूर जरा बदलला की उठून बसायचे.

त्या उन्हाळ्यात टाकीला चीर गेली. आधी तळाशी, नळी बसवलेल्या तोंडाजवळ, केसाएवढी. भिंतीवर तेलकट ओघळ दिसला तेव्हा कळलं. दादाने अंगाचा साबण घासून चीर बुजवली; दोन दिवस थांबली. मग दोन रंगांचं लुकण मळून वरून थापलं. तेलाचा पाझर चालूच असल्यामुळे ते पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. आणि चीर वाढत होती. मी रोज सकाळी जाऊन बघायची. इंजिनाचा हादरा बसायचा तशी ती वर सरकायची, एखाद्या नकाशातल्या नदीसारखी, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. आईने खाली पातेलं ठेवलं होतं. त्यात पडणाऱ्या थेंबाचा टप् असा आवाज सगळं घर शांत असलं की पुढच्या खोलीपर्यंत यायचा, हेडफोन काढले की पहिल्यांदा तोच कानावर पडायचा. मला रात्री झोप लागेनाशी झाली. बाबांनी पातेल्याभोवती वाळू आणून पसरली होती.

दादा स्वारगेटच्या बाजूला गाड्यांचं फुटलेलं प्लास्टिक सांधणाऱ्या एका ओळखीच्याकडे जाऊन आला. त्याने काम घेतलं नाही, पण पद्धत सांगितली. टाकी आतून बाहेरून कोरडी ठक्क झाली पाहिजे, तेलाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर वितळवलेलं प्लास्टिक धरत नाही. दादाला हे करता आलं असतं. त्याचा हात चांगला होता, सोल्डरिंगची गन त्याच्याकडे होती. पण टाकी उतरवायची म्हणजे जनरेटर बंद, आणि बाकीच्या दिवशीही लाईट कधी जातील याचा नेम नव्हता. मध्ये एकदा त्याने डबा टांगून नळी सोडून पाहिली होती. नळीत हवा शिरली, इंजिन गचके खाऊन बंद पडलं, आणि मेकॅनिक येईपर्यंत काम रखडलं. त्या उशिराबद्दल तिकडून निरोप आला होता की पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ. दादाने तो निरोप आम्हाला वाचून दाखवला नाही. मी त्याच्या चेहऱ्यावर वाचला.

आणि मग तो गुरुवार उजाडला. सकाळी दादा मागे गेला तर पातेलं काठोकाठ भरलेलं आणि चीर वीतभर लांब झालेली. नवीन टाकी आणावी तर गुरुवारी दुकानं बंद. लाईट दुपारपर्यंतच असणार. म्हणजे टाकी सांधायची ती दुपारच्या आत, कारण गनला वीज लागते. आणि सांधायलाच हवी, कारण दुपारनंतर वीज नाही. बाबा रोजच्यासारखे विहारात पेपर वाचायला गेले होते. ते बाहेर पडल्यावरच दादाने टाकी उतरवली, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मी पाणी घ्यायला आत आले तेव्हा आई रश्श्याचं वाटण करून शेगडीपाशी उभी होती. तिने काडी बाहेर काढली, पेटीवर टेकवली, आणि तशीच थांबली.

"सुजा, कायचा वास येऊन राहिला?"

"डिझेलचा. रोजचाच तर आहे."

"नाही बापा. हा डिझेलचा नाही."

मी नाक ओढलं. खरंच, त्या जड, तेलकट वासावर दुसरा एक वास होता, तिखट, डोक्यात चढणारा. स्कूटरचा. आईने हातातली काडी आणि पाठोपाठ अख्खी नवी काडेपेटी वाटीतल्या पाण्यात बुडवली. मग ती मागच्या दारात गेली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. दादा उकिडवा बसला होता. टाकी आडवी, झाकण उघडं. साबणाने धुऊनही तेल जात नव्हतं म्हणून त्याने स्कूटरमधलं पेट्रोल काढून टाकी आतून विसळली होती. पेट्रोल नालीत ओतलेलं दिसत होतं. आणि त्याच्या हातात गन होती, तापत असलेली. वायर खिडकीतून पुढच्या खोलीत गेली होती.

आई ओरडली नाही. अंगणात साप निघावा आणि मूल त्याच्याशेजारी बसलेलं असावं, तसा तिचा आवाज झाला. "मिलिंद, ते खाली ठेवू नको. हातातच धर. आन् तसाच मागं मागं ये."

"काय झालं, आई?" दादा हसला.

"ये म्हणते ना."

त्याचं हसू गेलं. तो उठला आणि गन अंगापासून लांब धरून मागे मागे आला. तेवढ्यात आई मला म्हणाली, "जाय, बोर्डाचं बटन बंद कर." मी पुढे धावले आणि बटण खाली पाडलं. त्याच बोर्डावर कॉम्प्युटर होते. ते सगळे एकदम काळे झाले. अनघाने हेडफोन काढले. "छान. पेशंट अर्धाच तपासून झाला होता." मग माझं तोंड पाहून ती खुर्चीतून उठली.

"आता बाबाले घेऊन ये," आई म्हणाली.

मी विहारापर्यंत पळत गेले. बाबा पायरीवर बसले होते. धापा टाकत मी सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, चष्मा खिशात ठेवला आणि चालायला लागले. चालायला! मी त्यांच्यापुढे पाच पावलं धावायची आणि परत मागे यायची. "बाबा, चला ना लवकर." ते तसेच, एकाच चालीने. मध्येच विचारत, "टाकीचं झाकण उघडं आहे?" "नालीत किती ओतलं?" "आईने शेगडी पेटवली नाही ना? नक्की?" प्रत्येक उत्तरानंतर थोडं थांबून पुढचा प्रश्न. मला रडू येत होतं. प्रत्येक वळणावर मी आमच्या गल्लीच्या दिशेने कान देत होते. आज माझंही वय होत आलंय, गुडघे माझेही बोलतात, पण गुडघ्यांमुळे ते धावत नव्हते असं मला अजूनही वाटत नाही. धावत आलेला माणूस चुकीची वस्तू उचलतो, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

घरी आल्यावर ते मागे गेले, वास घेतला, आणि दादाला म्हणाले, "बंद कर हे सगळं."

"बाबा, डिझेल असं भडकत नाही."

"डिझेल नाही भडकत. तू आत काय ओतलंस?"

बाबांनी हाताने नालीकडे खूण केली.

"त्याची वाफ वर नाही जात. खाली बसते. नालीतून सरकते, उंबऱ्याखालून शिरते. तुझ्या आईच्या पायाशी जाऊन थांबली होती ती."

दादाने एकदा आईच्या पायांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण पुढच्याच क्षणी इतक्या महिन्यांचं सगळं साठलेलं बाहेर आलं. "आज काम गेलं नाही तर उद्यापासून काम नाही, बाबा. तुम्हाला तेच हवंय ना? मी पुन्हा कुठेतरी कार्ड पंच करत बसावं? तुम्ही जन्मभर भिऊन काढलात, म्हणून मीही भ्यायचं?"

अनघा दारातून हळूच मागे सरकली. आईने पदर तोंडाशी नेला. बाबांनी मात्र आवाज चढवला नाही.

"हो, भिऊन काढला," ते म्हणाले. "म्हणून रोज घरी आलो."

  मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "उचल टाकी. पुढे मोकळ्यात घे. प्लास्टिक मला कळत नाही. ते तू सांग."

टाकी पुढे गल्लीत आली. आईने बोळातल्या नालीत बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. बाबा शेजारच्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले, थोडा वेळ गॅस पेटवू नका, विडी ओढू नका. समोरचे काका म्हणाले, "का हो, कारखाना इकडे हलवला की काय?" पण त्यांनी ओठातली विडी खिशात टाकली. टाकीत पाणी भरायचं, हलवायचं, ओतायचं, असं दोघांनी किती तरी वेळा केलं. मग बाबांनी ती उघडी करून वाऱ्यावर ठेवून दिली.

"आता?" दादाने विचारलं.

"थांब. वास जाऊ दे."

तसं थांबणं मी त्याआधी कधी थांबले नव्हते. ऊन वर चढत होतं. दादा सारखा आत जाऊन पंखा फिरतोय ना, बघून येत होता. कुठल्याही क्षणी लाईट गेले असते. बाबा टाकीच्या तोंडाशी नाक नेत, मान हलवत, पुन्हा थांबत. दादाच्या जबड्याची शीर हलताना मला दिसत होती. पण तो थांबला. अखेर बाबा म्हणाले, "नाही येत. तू बघ." दादाने वास घेतला. "आई, तू बघ." आईने वास घेतला आणि होकार दिला. मगच टाकीत पाणी भरून, झाकण घट्ट लावून ती उलटी ठेवली. चीर वर आली, पाणी तिच्या बोटभर खाली. आत वाफेला जागाच राहिली नाही.

बाबांनी मला, अनघाला आणि आईला गल्लीच्या टोकाला पाठवलं. आई अर्ध्या वाटेत एका पायरीवर बसली आणि उठेना. दादा म्हणाला, "तुम्हीही जा, बाबा. एकट्याचं काम आहे." बाबांनी टाकी दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी धरली. "हलते ती. कर सुरू." एवढं भिणारा माणूस चिरेपासून हातभर अंतरावर तोंड करून बसला होता.

दादाने आधी चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडलं. गल्लीच्या टोकाशी आम्हाला बाबांचा आवाज ऐकू आला, "आहे ती कमी आहे का? आणखी भोक कशाला?" "चीर पुढे धावू नये म्हणून. इथे येऊन थांबते ती." बाबांनी वाकून पाहिलं. "असं," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात मला कितीतरी महिन्यांनंतर ते दोघं बोलताहेत असं वाटलं. तशाच दुधी प्लास्टिकच्या फुटक्या बादलीच्या दादाने पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. गनच्या टोकाने तो चिरेच्या कडा वितळवत होता, पट्टी दाबत होता, पुन्हा वितळवत होता. जळक्या प्लास्टिकचा धूर वर चढला तेव्हा माझी नखं अनघाच्या दंडात रुतली. ती इतकंच म्हणाली, "तो हात मला संध्याकाळी लागणार आहे." पण तिनेही माझा दुसरा हात घट्ट धरला होता.

शेवटचा तुकडा राहिला असताना शेजारचा रेडिओ बंद पडला. लाईट गेले. दादाने क्षणभरही मान वर केली नाही. गनमध्ये उरलेल्या धगीवर त्याने तो तुकडा दाबला, घासला, पुन्हा दाबला. मग गन बाजूला ठेवली आणि मागे टेकून बसला. दोघांच्याही कपाळावरून घाम ओघळत होता.

पुढचं आईने हातात घेतलं. डिझेलमध्ये पाणी चालत नाही म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या काठीला गुंडाळून तिने टाकी आतून पुसून काढली, उन्हात वाळवली. टाकी फळीवर चढली, डिझेल भरलं. बाबांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याचा वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा. कोरडा. मागच्या वेळी मेकॅनिकने दाखवली होती तशी दादाने नळीतली हवा काढली आणि हँडल मारलं. इंजिन खोकलं, अडलं, आणि मग सुरू झालं. अनघा पाठ वळवून म्हणाली, "चला, अर्धा पेशंट वाट बघतोय," आणि डोळे पुसत खुर्चीत जाऊन बसली.

काम वेळेत गेलं. तो सांधा चांगला पुष्कळ दिवस टिकला. नंतर दादाने पत्र्याची टाकी करून घेतली. काही वर्षांनी ते डॉक्टरांचं कामही गेलं, यंत्रच टाइप करू लागली म्हणतात. दादा आता वाकडला मोठ्या सोसायटीत राहतो. तिथे जनरेटर आहे, लाईट गेले तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतात, आणि तो जनरेटर नेमका कुठे आहे हे त्याला विचारलं तर सांगता येत नाही. मी त्याच्याकडे राहायला गेले की मला ते विचारावंसं वाटतं.

पण त्या दिवसाचं आठवतं ते पुढचं. दुपारभर जनरेटर घरघरत होता आणि बाबा भिंतीशी खाटेवर पडले होते. आईने कपाळाला हात लावला तर अंग थंडगार, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हात थरथरत होते. टाकी धरलेली असताना ते थरथरले नव्हते. आईने गोधडी घातली, त्या उन्हाळ्यात, आणि त्यांनी घालू दिली. संध्याकाळी लाईट आले, जनरेटर बंद झाला, आणि एकदम पसरलेल्या त्या शांततेत बाबांनी मला हाक मारली.

"तो कुठाय?"

"काम पाठवतोय."

"झालं की बोलाव."

दादा आला. काय ऐकावं लागणार या तयारीने आला असावा, कारण तो खाटेपासून जरा लांब उभा राहिला. बाबा उठून बसले. "हात दाखव," ते म्हणाले. दादाने न समजून उजवा हात पुढे केला. बाबांनी तो धरून दिव्याकडे वळवला. तळवा पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली, मग एकेक बोट टोकापासून मुळापर्यंत चाचपलं. तर्जनीवर गनचा छोटा चटका होता, तिथे ते थांबले. मग डावा हात मागितला आणि तोही तसाच पाहिला. दादा होता तिथेच खाली बसला आणि त्याने हात सोडवून घेतले नाहीत.

"जेवलास?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग जेवून घे," ते म्हणाले, आणि तरीही त्याचा हात त्यांच्या हातात बराच वेळ राहिला.